गळक्या नावेबद्दल दुरुस्ती

४ फेब्रुवारी

काका,

वाकून नमस्कार करते आणि लगेच सरळ उभी राहते, कारण आधी एक चूक दुरुस्त करायची आहे.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमची नाव पलीकडच्या काठाला लागली तेव्हा गावातल्या काही बायका हातात विळे घेऊन पाण्याशी उभ्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनेही नावेत पाय ठेवला नाही, आणि तुमच्या पुस्तकातलं ‘हे लोक नदी ओलांडत नाहीत’ हे वाक्य मला प्रत्यक्ष समोर उभं असलेलं दिसलं. माझ्या अंगावर काटा आला, असंही लिहिलं होतं. काटा खरा होता. बाकीचं चूक आहे.

त्या बायका दुसऱ्या नावेची वाट बघत होत्या. आमची गळत होती. लॉजच्या मॅनेजरने पाहुण्यांसाठी खास रंगवून घेतलेली ती नाव. गावातलं कोणी तिच्यात बसत नाही. आम्ही नदीच्या मध्यावर असताना ‘ही पोचते का बुडते’ यावर त्यांची पैज लागली होती, हे मला आज कळलं. मी त्यांच्याकडे भारावून बघत होते आणि त्या माझ्या घोट्यापर्यंत आलेल्या पाण्याकडे बघत होत्या. थोड्या वेळाने दुसरी नाव आली, त्या सगळ्या तिच्यात बसल्या आणि नदी ओलांडून अलीकडे, लॉजच्या बाजूला, गवत कापायला गेल्या. मोसमात रोज जातात.

मला निघताना प्रकाशक म्हणाले होते, “काकांचं पुस्तक तुला पाठ आहे. नव्या सचित्र आवृत्तीत तपासण्यासारखं असं काय आहे? फोटोंखाली चार ओळी लिही आणि परत ये.” पाठ आहे हे खरंच. दम्यामुळे मला शाळेत पाठवता येत नव्हतं त्या वर्षांत तुम्ही स्वयंपाकघराच्या दारामागे फळा टांगून मला शिकवलंत, आणि शुद्धलेखनाला तुमचं ‘पैलतीरावरचे मितभाषी’ सोडून दुसरं पुस्तक कधी घेतलं नाहीत. त्यामुळे या जंगलात मी पहिल्यांदा आले असले तरी मला सगळं ओळखीचं वाटायला हवं होतं. तसं होत नाहीये.

लॉजमध्ये तुमचं पुस्तक दागिना ठेवावा तसं काचेच्या पेटीत ठेवलं आहे. हे लोक पाहुण्याला पाठ दाखवत नाहीत, त्याच्यासमोरून उलट्या पावलांनी जातात, असं तुम्ही लिहिलंय ना? लॉजचे वाढपी तसेच चालतात. परवा एकजण उलटा जाताना पायरी चुकला आणि सुपाचं भांडं घेऊन एका पाहुण्याच्या मांडीवर बसला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या; त्यांना वाटलं, हाही परंपरेचाच भाग. मी त्याला नंतर विचारलं, तुमच्या गावात खरंच असं चालतात का? तो म्हणाला, “ताई, गावात असं चाललो तर आई डॉक्टरकडे नेईल.”

माझ्याबरोबर आलेला फोटोग्राफर गावातल्या लोकांना फोटोआधी घड्याळं काढायला लावतो, कारण पान एकतीसवर ‘काळाची मोजदाद त्यांना ठाऊक नाही’ असं आहे. सगळी घड्याळं त्याच्या खिशात असतात आणि लोक त्याला सारखे विचारतात, किती वाजले, आम्हाला कामं आहेत.

गेंडा पाहिला. तुमच्या सातव्या प्रकरणातल्यासारखा तो अंगावर धावून आला नाही. तो एका भाजीच्या वाफ्यात उभा होता आणि जिची भाजी होती ती बाई पत्र्याचा डबा वाजवत त्याला झापत होती, फुकट राहायला आलेल्या दिराला झापावं तशी. ऐकून घेऊन तो निघून गेला.

काका, नदीचं ते वाक्य तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून लिहिलंत? फोटोखाली ओळ लिहायची आहे म्हणून विचारते, बाकी काही नाही. काकूला सांगा, दम्याचा पंप जवळ ठेवला आहे.

चुकलेला शब्द अजूनही दहा वेळा लिहून काढणारी,
तुमची पुतणी


९ फेब्रुवारी

मुद्रितशोधक बाईसाहेबांस,

आपलं दुरुस्तीपत्रक पोचलं. आठवड्याभरात एक नाव, एक वाढपी आणि एक गेंडा एवढ्यांचा सखोल अभ्यास करून आपण माझं पुस्तक निकालात काढल्याचं समजलं. मीच मूर्ख. मी तीन आठवडे घालवले.

एक नाव गळते म्हणून पुस्तक गळायला लागत नाही. मी गेलो त्याला तीस वर्षं झाली. तेव्हा ती माणसं जशी होती तशी होती. नंतर रस्ता आला, लॉज आलं, आता तुझ्यासारखे तपासनीस आले. बिघडली असतील, ओलांडू लागली असतील. त्याचा दोष माझ्यावर? उद्या त्यांनी हेलिकॉप्टर घेतलं तर तेही काकांनी का लिहिलं नाही म्हणून पत्र पाठवशील.

कोणाच्या सांगण्यावरून म्हणे. मी ऐकीव गोष्टी लिहीत नाही. जे लिहिलं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तीन आठवड्यांत एकही माणूस मी नदी ओलांडताना पाहिला नाही. याहून वेगळा पुरावा लागत असेल तर नदीलाच साक्षीला बोलाव.

वाढप्यांचं वाचून वाईट वाटलं. वाढपी नेमताना तोल तपासून नेमावेत, ही पुस्तकाची जबाबदारी नाही.

काकू विचारते, छातीत घरघर होते का. मी सांगितलं, घरघर पोरीच्या छातीत नाही, डोक्यात आहे. ती हसली नाही. हल्ली माझ्या विनोदांना ती उठून भांडी आवरायला जाते.

फोन करू नकोस. फोनवर बोललेलं नंतर तपासता येत नाही, हे मीच तुला शिकवलंय.

काका


१४ फेब्रुवारी

काका,

पत्र वाचलं. नदीला साक्षीला बोलावता येणार नाही, पण तुमच्या पुस्तकाला बोलावलं आहे. तेच सांगायला लिहिते.

गवताबद्दल मी मागच्या वेळी ओझरतं लिहिलं, कारण त्याचं महत्त्व मला कळलं नव्हतं. अलीकडच्या काठावर, लॉजच्या मागे, माणूस बुडेल एवढ्या उंच गवताचं रान आहे. पलीकडच्या गावातली घरं त्याच गवताने शाकारतात. लॉजला ते रान कुंपण घालून जीपच्या फेऱ्यांसाठी हवं आहे. गाव म्हणतं, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथून गवत नेतो. लॉज म्हणतं, पुरावा काय? वनाधिकारी दोघांचं ऐकून निकाल देणार आहेत, आणि लॉजचा सगळ्यात मोठा पुरावा तुम्ही आहात.

मॅनेजरने मला पान अठ्ठावन्न मोठ्या अभिमानाने वाचून दाखवलं. ‘नदी ही त्यांची हद्द. अलीकडच्या तीरावर त्यांचं पाऊल नाही आणि हक्कही नाही.’ मला वाचून दाखवायची गरज नव्हती. हे वाक्य मी फळ्यावर इतक्यांदा लिहिलंय की झोपेतही चुकणार नाही. तुम्हीच सांगायचात की वाक्याला दोन पाय असले की ते नीट उभं राहतं. काका, त्यातला दुसरा पाय, ‘हक्कही नाही’, तो आता लोकांच्या छपरावर पडला आहे.

मी लॉज सोडलं. पलीकडे मावशींच्या घरी राहते. मावशी म्हणजे गेंड्याला झापणाऱ्या त्याच. त्या पेंढ्या बांधत असताना मी त्यांना ते वाक्य वाचून दाखवलं.

“मग हे गवत काय उडत आलं?” त्या म्हणाल्या. मग विचारलं, “तुझे काका आमच्याकडे आले होते कधी?”

मी साल सांगितलं. त्यांनी शेजारणीला हाक मारली. “अगं, माझं लग्न झालं त्या साली गावात कोणी पाहुणा राहिला होता का? चष्मेवाला, सारखं बोलणारा?”

“सारखं बोलणारा असता तर लक्षात राहिला असता,” शेजारीण म्हणाली.

“ही म्हणते, त्यांनी आपल्यावर पुस्तक लिहिलंय.”

“आपल्यावर? आणि आपल्याला न विचारता त्यांना एवढं सुचलं?”

मी कसलाही निष्कर्ष काढत नाही. तुम्ही दुसऱ्या एखाद्या वस्तीत राहिला असाल. फक्त, मजकूर तपासताना ज्या शंका समासात लिहायच्या असतात त्या लिहिते. तुमच्या पुस्तकात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकही अवतरणचिन्ह नाही. कोणीच काही बोलत नाही. तुम्ही त्यांना मितभाषी म्हटलंय. मावशींच्या घरात दोन माणसं एकाच वेळी गप्प बसलेली मी अजून पाहिलेली नाहीत. तुम्ही त्यांना ठेंगणे म्हटलंय. मावशी माझ्यापेक्षा वीतभर उंच आहेत आणि वरची पाटी मला त्याच काढून देतात. पुस्तकात कुठेही वास नाही. इथे वासाशिवाय काही नाही: ओलं गवत, धूर, चिखल, गेंडा.

काका, तुम्ही वनाधिकाऱ्यांना दोन ओळी लिहा. नदीबद्दल जे लिहिलं ते दिसलं तसं लिहिलं, कोणाला विचारून नव्हे, एवढंच. पुस्तक खोटं आहे असं लिहायला मी सांगत नाही. सुनावणी पाच मार्चला आहे. टपाल इथे सावकाश येतं, म्हणून लवकर लिहा.

पुतणी


२० फेब्रुवारी

परमपूज्य न्यायाधीश महाराज,

अवतरणचिन्हं नाहीत हा गुन्हा मला मान्य आहे. शाई वाचवली. माणसं ठेंगणी निघाली याबद्दल क्षमस्व. नव्या आवृत्तीत सगळ्यांना वीतभर वाढवून टाक. वास हवा असेल तर पानापानाला मूठभर चिखल लावून बांधणी करायला सांग.

अक्षर मी गिरवून घेतलं, आणि त्याच अक्षरात आरोपपत्र येतं. छान. फळा टांगला तेव्हाच खिळा माझ्या डोक्यात ठोकला असता तर सोपं पडलं असतं.

समजा, लिहून दिल्या तुझ्या त्या दोन ओळी. मग लोक विचारतील, नदीचं असं, तर गेंड्याचं काय? उलट्या पावलांचं काय? एक वीट काढ म्हणणं सोपं आहे; भिंतीखाली मी बसलोय, तू नाही. माझ्या नावावर हे एकच पुस्तक आहे. लोक मला त्याच्यामुळे ओळखतात. बसमध्ये एका माणसाने मला उठून जागा दिली होती, त्याच्यामुळे. वयामुळे नव्हे.

गवत काय, दुसरीकडेही उगवतं.

मी पत्र लिहिणार नाही. तू परत ये. आणि सुनावणीत आपण काही बोलू असं मनात असेल तर ते काढून टाक. कॉलेजात हजेरीला ‘हजर’ म्हणताना तुझा आवाज फुटत नसे. वर्षभर गैरहजर लागलीस आणि मला जाऊन सांगावं लागलं की मुलगी वर्गातच असते. तुझा कणखरपणा कागदावर ठीक आहे. तिथेच असू दे.

काका


२१ फेब्रुवारी

बाळ,

यांच्याच पाकिटात माझी चिठ्ठी घालणार होते, पण हे पाकीट चिकटवून स्वतः टपालात टाकून आले. एरवी कोपऱ्यावरून पाव आणायचा तर यांचा गुडघा दुखतो. म्हणजे काहीतरी लागट लिहिलं असणार. मनावर घे, पण फार नको.

तुझी पत्रं मी वाचली. हे उशीखाली ठेवतात, आणि उशीचे अभ्रे मीच बदलते.

हे तिथे गेले होते, त्यात खोटं नाही. नदीपर्यंत गेले होते. अलीकडच्या काठावर तेव्हा सरकारी विश्रामगृह होतं. त्याच्या पायरीशी साहेबलोकांसाठी एक नाव बांधलेली असायची. यांनी पहिल्या दिवशी तिच्यात पाय ठेवला आणि नाव हलली. नाव हलते, हे यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. हे परत येऊन व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले ते तीन आठवडे. पुस्तक त्या खुर्चीवरून लिहिलंय.

मला कसं माहीत? दुर्बीण माझ्या भावाची होती. परत आले तेव्हा यांच्या डोळ्यांभोवती दोन गोल उमटले होते, ते जायला आठवडा लागला. उलट्या पावलांचंही तेव्हाच सांगितलं होतं. कोणी माणूस बुटक्या दारातून खाट ओढत बाहेर येत होता. पुस्तकात पावलं राहिली, खाट गेली.

यांना पाण्याची भीती आहे गं. लग्न झाल्यावर आम्ही समुद्र बघायला गेलो तर हे समुद्राकडे पाठ करून मला समुद्राची माहिती सांगत होते. अजून बादली भरताना नळ सोडून दोन पावलं लांब उभे राहतात. तू लहान होतीस, तुला वाटायचं काका विचार करतायत.

आजवर मी का बोलले नाही? कोणी विचारलं नाही. घरात एक लेखक होता, एक विद्यार्थिनी होती. तिसऱ्या माणसाने स्वयंपाक करायचा असतो.

तू काय करावंस ते मी सांगणार नाही. हे दोन दिवस जेवताना बोलत नाहीयेत. मला जरा शांतता मिळते आहे, तेव्हा माझ्यापुरती घाई नाही. पण तुझ्या त्या मावशींचं छप्पर शाकारायचं राहिलं असेल, नाही का?

गरम पाणी पीत जा.

काकू


२७ फेब्रुवारी

काका,

तुमचं पत्र आणि काकूचं पत्र एकाच दिवशी आलं. काकूने लपव म्हटलं नव्हतं, म्हणून लपवत नाही. तिला आज वेगळ्या पत्राने तसं कळवलंही आहे. आधी विचारायला हवं होतं, पण टपालाला वेळ उरला नाही. तिच्यावर रागवायचं असेल तर तिच्या भावाची दुर्बीण आधी परत करा.

काल मी तुमच्या व्हरांड्यात जाऊन बसले. आता तिथे लॉजचा स्वागतकक्ष आहे. मॅनेजरकडून दुर्बीण मागून घेतली आणि दुपार होईपर्यंत पलीकडे बघत राहिले. काका, तुम्ही खोटं लिहिलेलं नाहीत. तिथून अगदी तसंच दिसतं. माणसं ठेंगणी दिसतात. सगळे गप्प दिसतात. मावशी अंगणात उभ्या राहून शेजारणीशी भांडत होत्या हे मला त्यांच्या हातांवरून कळलं. मला माहीत नसतं तर मीही लिहिलं असतं की त्या सूर्याकडे हात करून काहीतरी पुटपुटतात. आणि नदी खरंच कोणी ओलांडत नाही. गावाच्या नावा लागतात तो घाट वळणापलीकडे आहे, तेव्हाही तिथेच होता असं नावाडी सांगतो. व्हरांड्यातून वळणापलीकडचं दिसत नाही. तुम्ही खुर्ची थोडी सरकवली असतीत तरी उपयोग नव्हता. तिथे भिंत आहे. उठावंच लागलं असतं.

मी मॅनेजरला हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मला चहा दिला आणि म्हणाले, “ताई, पुस्तक छापलेलं आहे. तुम्ही छापलेल्या आहात का?” मग उलट्या पावलांनी आत गेले. सवय लागली असावी.

तपासलेली प्रत प्रकाशकांना पाठवली आहे. पान अठ्ठावन्नवरचं ते वाक्य मी कापलं आणि समासात कारण लिहिलं. प्रकाशक मला कामावरून काढतील असं फोटोग्राफर म्हणतो. हे सांगताना तो लोकांची घड्याळं परत देत होता आणि कोणतं कोणाचं ते त्याला कळत नव्हतं, त्यामुळे त्याचं म्हणणं मी फार मनावर घेतलं नाही. थोडं घेतलं. रात्री पंप दोनदा लागला.

हजेरीचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. घरी एकटीनेच शिकलेल्या मुलीला हात वर करायची सवय नसते. तिथे मीच पहिली आणि मीच शेवटची असायचे. म्हणून सराव चालू आहे. मावशी खाटेवर बसून वनाधिकारी होतात आणि शेजारीण मॅनेजर. मावशी विचारतात, “कोणाला काही सांगायचंय?” मी उभी राहते. पहिल्या दिवशी माझा आवाज फुटला नाही, तेव्हा शेजारणीने गेंड्याचा डबा वाजवला. दुसऱ्या दिवशी फुटला, पण मी शेजारणीची क्षमा मागूनच खाली बसले. मावशी म्हणाल्या, “तुझे काका बोलतात जास्त आणि तू बोलतच नाहीस. तुमच्या घरात वाटणी नीट झालेली दिसत नाही.” आता मला एका दमात सगळं म्हणता येतं. दोनच वाक्यं आहेत. पहिलं: ज्यांनी हे पुस्तक लिहिलं ते माझे काका आहेत आणि ते याच व्हरांड्यात बसले होते. दुसरं: इथून घाट दिसत नाही, साहेब, तुम्ही उठून वळणापर्यंत चला.

दुसऱ्या वाक्याला मी दुसरा पाय लावलेला नाही.

गेंड्याबद्दल मी काही बोलणार नाही. कोणी विचारलं तरी नाही. गेंड्याने कोणाचं छप्पर नेलेलं नाही. उलटी पावलंही वाढप्यांकडे राहू देत. त्यांनी मॅनेजरशी आपापलं भांडण काढलं आहे आणि त्यांना माझी गरज नाही.

बसमध्ये तुम्हाला जागा देणाऱ्या त्या माणसाचा मी फार विचार केला. मला वाटतं, तो पुढेही उठेल. तुमचे पाय दुखतात हे बघितलं तर कोणीही उठेल.

तुम्ही यावं असं मला वाटतं. त्या दोन वाक्यांतलं पहिलं तुमच्या तोंडून आलं तर जास्त बरं होईल, आणि मला दुसऱ्यापुरताच दम पुरवावा लागेल. सुनावणी लॉजच्याच व्हरांड्यात आहे, म्हणजे अलीकडच्या काठावर. तुम्हाला नदी ओलांडावी लागणार नाही. नावेच्या जवळही जावं लागणार नाही. बस थेट दारापर्यंत येते, आणि तुमची खुर्ची अजून आहे. मी बसून बघितली, एक पाय डुगडुगतो, बाकी चांगली आहे.

नाही आलात तर मी उभी राहीन. सकाळी मावशींबरोबर, त्यांच्या न गळणाऱ्या नावेतून, नदी ओलांडून जाईन. विळे घेतलेल्या सगळ्या बायका बरोबर असतील. सुनावणी अकराला सुरू होते. पाच मार्च, गुरुवार.